नोकरी सोडून पुन्हा कॅट? आधी स्कोअरकार्ड नीट बघा

'पहिल्या वेळी मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत तर नोकरी सोडून वर्षभर पूर्णवेळ तयारी करा', हा कॅटवरच्या (आयआयएमसारख्या संस्थांत एमबीएला प्रवेश देणारी परीक्षा) एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. माझी भाची हिंजवडीत नोकरी करते आणि सध्या याच पेचात आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी विभागवार आकडे बघा. परवा आम्ही दोघी तेच घेऊन बसलो होतो. इंग्रजी, गणित चांगलं. फक्त डीआयएलआरमध्ये, म्हणजे तक्ते-आकडेवारी आणि तर्काच्या विभागात आपटली. ४० मिनिटांतला बराचसा वेळ एकाच सेटवर (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर) गेला, तो शेवटपर्यंत सुटला नाही आणि पुढचे सोपे सेट वाचायचेच राहिले. कुठला सेट धरायचा, कुठला सोडायचा हे मॉक म्हणजे सराव परीक्षा देऊन आणि प्रत्येक मॉकची चिरफाड करून जमतं. त्यासाठी राजीनामा कशाला? तिन्ही विभाग कच्चे असतील तर गोष्ट वेगळी.

शिवाय आयआयएममध्ये दहावी-बारावीचे गुण आणि कामाचा अनुभवही धरतात. दहावीचे गुण काही आता बदलणार नाहीत, अनुभव मात्र नोकरीत राहूनच वाढतो.

आणि कॅट म्हणजे सर्वस्व नाही हो! पुम्बासाठी (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग) राज्याची एमबीए सीईटी आहे, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. सिंबायोसिसची एमबीए प्रवेश परीक्षा स्नॅप एकाच वर्षात तीनदा देता येते, त्यातले सर्वोत्तम गुण धरतात. भाचीला मी स्पष्ट सांगितलंय, नोव्हेंबरात कॅट दे, डिसेंबरात स्नॅप दे, पण नोकरी सोडू नकोस.