वीस सेकंद उशिराचं आमेन

रविवारी चर्चला न जाण्याची माझ्याकडे पूर्वी फार थोडी कारणं होती आणि ती सगळी तपासली जायची. ताप म्हटलं की आई कपाळाला हात लावून बघायची. पाऊस म्हटलं की खिडकी उघडून बघायची. मग उपासना ऑनलाइन झाली आणि मला असं कारण मिळालं, की त्यावर खुद्द पाळकसाहेबांनाही हरकत घेता येईना: 'मी उपासनेलाच बसलोय की!'

बसलोय म्हणजे आडवा झालोय, हा तपशील कुणी विचारत नव्हतं.

2020 साली महामारीनं जगभरातल्या चर्चची दारं बंद केली तेव्हा ही सोय घरात शिरली. पुढे दारं उघडली, पण खांबाला बांधलेला कॅमेरा तिथेच राहिला. जे अंथरुणाला खिळलेत, जे दूरगावी आहेत, त्यांच्यासाठी. मी अंथरुणाला खिळलेला नव्हतो. अंथरूणच मला खिळलं होतं.

आणि खरं सांगायचं तर प्रत्यक्ष चर्चबद्दल माझ्या जुन्या तक्रारी होत्या. एक म्हणजे तो बाक. तो ज्या सुतारानं केला त्याला मनुष्याच्या पाठीचा कणा ही कल्पना मान्य नसावी. दुसरी तक्रार म्हणजे माझ्या बरोबर मागे बसणारे काका. काका प्रत्येक गीत मनापासून आणि अर्धी ओळ उशिरा म्हणतात. अख्खी मंडळी दुसऱ्या कडव्यात शिरलेली असते आणि काका एकटे पहिल्याच्या दाराशी चपला शोधत असतात. शिवाय एखादा रविवार चुकला, की पुढच्या रविवारी मागून खांद्यावर हात येतो, "गेल्या खेपेला दिसला नाहीस?" आवाजात माया असते, पण उत्तर दिल्याशिवाय हात उचलला जात नाही.

घरी ना बाक, ना काका. स्वर्ग याहून वेगळा काय असेल, असं पहिल्या रविवारी मला वाटलं.

दुसऱ्या रविवारी लक्षात आलं, की आमच्या घरात दोन मंडळ्या झाल्यात. आईचे गुडघे चर्चच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून ती तिच्या खोलीत फोनवर उपासना लावते. मी माझ्या खोलीत लॅपटॉपवर. थेट प्रक्षेपण म्हणतात खरं, पण ते प्रत्येक यंत्रावर आपापल्या सवडीनं पोहोचतं. आईचा फोन माझ्या लॅपटॉपच्या वीस सेकंद पुढे होता. त्यामुळे प्रवचनातला विनोद मला आधी भिंतीपलीकडून आईच्या हसण्यातून कळायचा आणि मग मी त्याची वाट बघत बसायचो. आशीर्वादही आधी तिला मिळायचा. मी डोळे मिटून हात पसरेपर्यंत ती उठून पाणी प्यायला गेलेली असायची. माझं 'आमेन' चॅटमध्ये जाऊन पडायचं तेव्हा पडद्यावर सूचना चालू असायच्या. एकदा 'चर्चच्या गटाराचं काम निघालं आहे' या वाक्याखाली माझं आमेन तीन उद्गारचिन्हांसह झळकलं.

पुढे मी थेट बघणंच सोडलं. रेकॉर्डिंग राहतंच, कधीही बघता येतं. आणि कधीही बघता येतं म्हटलं, की माणूस वेगही वाढवतो. दीडपट वेगात प्रवचन फार मुद्देसूद वाटतं. प्रार्थना मात्र लिलावासारखी ऐकू येते. 'आमच्या पित्या'पासून 'आमेन'पर्यंत पाळकसाहेब असे धावले, की शेवटी कुणीतरी हातोडा आपटून 'तीन वार!' म्हणेल अशी मला धास्ती वाटली.

तरी झोप लागायची ती लागायचीच. त्याला शास्त्राधार आहे. बायबलच्या नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, युतुख नावाच्या एका तरुणाची गोष्ट आहे. त्रोवस नावाच्या गावी प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं आणि खिडकीत बसलेला हा युतुख डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच म्हणून उचलला, पण पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जगला. लहानपणी ही गोष्ट आम्हाला झोपू नये म्हणून सांगितली जायची. आता मला तिच्यात वेगळंच दिसतं. तो पडला हे निदान लोकांना कळलं तरी! मी गादीवर झोपलो तेव्हा मला उठवायला कुणी आलं नाही. जाग आली तेव्हा व्हिडिओमागून व्हिडिओ आपोआप लागत गेले होते आणि एक गृहस्थ कपडे धुण्याच्या यंत्राचा पट्टा कसा बदलावा हे समजावून सांगत होते. त्यांचंही बोलणं संपलं तेव्हा सवयीनं मी आमेन म्हणालो.

बुधवारची प्रार्थनासभा झूमवर असायची. तिथे झोपायची सोय नाही, कारण चेहरा दिसतो. पाळकबाईंनी उत्साहानं सुचवलं, "सगळ्यांनी माईक उघडा, एक गीत एकत्र म्हणू." यानंतर जे झालं त्याला गीत म्हणणं म्हणजे अपघाताला प्रवास म्हणणं. ही यंत्रणा बोलण्यासाठी केलेली असते. एका वेळी एकाचा आवाज पुढे आणायचा आणि बाकीचा गोंगाट समजून दाबायचा, हे तिचं काम. लांबवलेला सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. त्यात एकत्र गाणाऱ्यांना तीसेक मिलिसेकंदांचा उशीरही जाणवू लागतो आणि इथे तर प्रत्येकाचा उशीर प्रत्येकाच्या नेटनुसार. शेवटी यंत्रणेनं चाळीस जणांतून एक आवाज निवडला आणि तोच मोठा करून सगळ्यांना ऐकवला. तो कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीचा होता.

तेव्हापासून सगळे माईक बंद करून गातात. चाळीस चौकटींत चाळीस तोंडं निःशब्द उघडतात आणि मिटतात. मत्स्यालयासमोर बसल्यासारखं वाटतं. मी दोन बुधवार नुसती तोंडाची हालचाल केली. तिसऱ्या बुधवारी तीही शब्दांशी जुळत नाही हे माझ्या लक्षात आलं, मी एकपासून आकडे मोजत होतो.

दानाचं म्हणाल तर चर्चमध्ये पिशवी जवळ येऊ लागली, की नोटेची घडी अशी घालायची असते की हात मोठा वाटावा आणि आकडा दिसू नये. वर्षानुवर्षांच्या सरावानं ही कला येते. ऑनलाइन ती वाया गेली. पडद्यावर कोड येतो, आकडा आपणच टाकायचा आणि कुणी बघत नाही. एकदा 'व्यवहार अयशस्वी' असं आलं आणि मी ती देवाची इच्छा मानली.

खरी पंचाईत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी झाली. पाळकसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, घरात असेल ती भाकर आणि द्राक्षरस जवळ ठेवा. असं करावं की नाही यावर चर्चमध्ये एकमत नाही. रोमच्या कॅथलिक चर्चनं 2002 सालीच एका दस्तऐवजात लिहून ठेवलंय, की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे प्रभुभोजनासारखे पवित्र विधी, नसतात. प्रोटेस्टंटांत कुणी हो म्हणतं, कुणी नाही म्हणतं, कुणी समिती नेमतं. माझा प्रश्न इतका खोल नव्हता. घरात द्राक्षरस नव्हता. 'मिश्र फळे' असं लिहिलेलं एक खोकं होतं. त्यात द्राक्षं किती टक्के, हे मी घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत शोधत बसलो आणि तेवढ्यात पापकबुलीची प्रार्थना निघून गेली. पावाचा तुकडा समोर बशीत. प्रार्थना लांबली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून याच गोष्टीसाठी झापलं होतं, की तुमच्यात जो तो आपलं आपलं आधीच खाऊन घेतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. त्यांना तसं वागायला निदान अख्खी मंडळी लागली होती. मी एकट्यानं एका खोलीत करिंथ उभं केलं. "हे घ्या" असं पडद्यावरून ऐकू आलं तेव्हा बशीत चुरा होता.

हे सगळं आईपासून लपून राहणं शक्य नव्हतं. तिनं एकदा दारात उभं राहून माझ्याकडे, मग माझ्या पायजम्याकडे, मग लॅपटॉपकडे बघितलं. मी बचावाची तयारी केलेली होती. आळशी माणूस इतिहासाचा अभ्यास फार चांगला करतो.

मी म्हणालो, "आई, हे काही नवं नाही. 2 जानेवारी 1921 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून रेडिओवर पहिल्यांदा उपासना ऐकवली. तंत्रज्ञ ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घातले होते, आणि प्रवचनाला मुख्य पाळकांनी आपल्या धाकट्या सहकाऱ्याला उभं केलं." (नवं यंत्र आलं, की ते धाकट्याच्या गळ्यात घालायचं, ही चर्चची रीत निदान शंभर वर्षांची आहे. आमच्याकडे कॅमेऱ्यामागे अकरावीतला मुलगा आहे.)

"बरं," आई म्हणाली.

"2004 साली तर ब्रिटनमध्ये मेथडिस्ट पंथाच्या मदतीनं इंटरनेटवर चित्रांचंच चर्च उघडलं. आपलं कार्टून आत जातं, बाकावर बसतं, बटण दाबलं की गुडघे टेकतं."

"गुडघे दुखतात का त्याचे?"

"कार्टूनचे कसे दुखतील?"

"मग टेकले कशाला म्हणायचं?" गुडघ्यांच्या विषयात तिचा अधिकार मोठा आहे. त्या चित्रांच्या चर्चमध्ये वात्रट मंडळीही घुसायची, शिव्या द्यायची आणि त्यांना हाकलायला देखरेख करणारे नेमावे लागले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

"कँटरबरीच्या आर्चबिशपांनी 2020 ची ईस्टरची उपासना स्वयंपाकघरातून घेतली होती!"

"झगा घालून घेतली होती. मी बघितली," असं म्हणून तिनं पुन्हा पायजम्याकडे बघितलं.

मग मी हुकमाचं पान काढलं. "आणि पौल? तो तुरुंगातून पत्रंच लिहीत होता ना? म्हणजे ऑनलाइनच की!"

इथे मी चूक केली. आईला नवा करार जवळजवळ पाठ आहे. ती म्हणाली, "पौल कितीतरी पत्रांत लिहितो, तुम्हाला भेटायची फार उत्कंठा आहे म्हणून. आणि योहान तर त्याच्या पत्रात सरळ सांगतो, लिहायचं पुष्कळ आहे पण कागद आणि शाईनं नको, समोरासमोर बोलू. तू लिहिलंस का कुणाला तसं?"

मी लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं.

मग मला खरोखरच ताप आला. दोन रविवार लॅपटॉप उघडलाच नाही. पूर्वी एक रविवार चुकला तर संध्याकाळपर्यंत चार फोन यायचे आणि त्यातल्या तिघांकडे काढ्याची वेगवेगळी कृती असायची. आता कुणाचाही फोन नाही. कसा येणार? कित्येक महिने मी पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा होतो. 'पाहणारे 63'चे 62 झाले असतील. आकडा एकानं उतरला म्हणून कुणी काढा पाठवत नाही.

गंमत म्हणजे आईचा फोन सारखा वाजत होता. ती दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून फोनसमोर ताठ बसते, उभं राहायच्या वेळी टेबलाला धरून उभी राहते आणि चॅटमध्ये सगळ्यांना नाव घेऊन सलाम लिहिते. उपासना संपली, की यादी काढून फोन करत सुटते. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या सुनेचं कुठे बिनसलंय, कुणाची नोकरी गेली, सगळं तिला माहीत. तीन वर्षांत ती चर्चची पायरी चढलेली नाही आणि अर्धी मंडळी तिच्या खोलीत येऊन जाते. "तुला हे सगळं कुठून कळतं?" मी अंगावर पांघरूण ओढत विचारलं. "मी विचारते," ती म्हणाली. माझ्या तापाची बातमी मंडळीला का सांगितली नाहीस, असंही विचारलं. तर म्हणे, "मला वाटलं तुझे तुझे लोक असतील तिथे."

ताप उतरल्यावरच्या रविवारी मी गेलो. बाक तसाच होता, किंबहुना अधिकच तसा वाटला. प्रवचन जरा लांबलं तेव्हा माझा उजवा अंगठा दहा सेकंद पुढे ढकलण्याची जागा बाकाच्या कडेवर शोधू लागला. शेजारच्या बाईंनी मुलाला माझ्यापासून थोडं दूर घेतलं.

मग गीत सुरू झालं. पहिली ओळ सगळ्यांची झाली आणि मागून, अर्धी ओळ उशिरा, काका निघाले. मी मनात हिशेब केला. काका माझ्यापासून एक मीटरवर. एवढं अंतर कापायला आवाजाला तीन मिलिसेकंद पुरतात. उरलेला सगळा उशीर त्यांचा स्वतःचा, त्यात नेटचा काही दोष नाही. दुसऱ्या कडव्याला मी थोडा रेंगाळून बघितलं. तिसऱ्याला आम्ही दोघं एकदम होतो आणि बाकीची मंडळी पुढे गेलेली.

शेवटचं आमेन झालं आणि खांद्यावर हात आला. "बरेच दिवस दिसला नाहीस?"

"ऑनलाइन होतो, काका."

"ऑनलाइन तर मीही होतो. पाय मुरगळला होता, दोन महिने घरीच. तिथेही नाही दिसलास." हात अजून खांद्यावरच होता. मी काही बोलायच्या आत ते बाकाला वळसा घालून पुढे आले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "सरक जरा तिकडे."