बाप्तिस्म्याआधीची भाऊबंदकी

गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त जवळ आलं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. 'बाप्तिस्मा घेतलेलेच आपले भाऊबहीण, बाकीचे शेजारी. प्रेम करा, पण त्यांना देवाची लेकरं म्हणू नका.' आधाराला बायबलमधलं योहान 1:12, मग सगळे धर्म सारखे ठरवले म्हणून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवर, कॅथलिक बिशपांच्या त्या महासभेवर राग, शेवटी सायबिणीला हिंदू देवींची बहीण मानणाऱ्या सात बहिणींच्या कथेपासून सावध राहायचा इशारा. मी वसईची, लग्न होऊन इथं आलेली. दरवर्षी गप्प बसते, यंदा नाही.

योहानाचं वचन मला मान्यच आहे. ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. माझ्या लेकीचा बाप्तिस्मा मी उगाच नाही केला. पण तेवढ्यावरून बाकीच्यांना घराबाहेर काढता येत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 उघडा. मूर्तींनी भरलेल्या अथेन्समध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल तिथल्या तत्त्वज्ञांपुढे उभा आहे, आणि त्यांच्याच एका कवीची ओळ उचलतो: आपण त्याचाच वंश आहोत. 'आम्ही' नव्हे, 'तुम्ही'ही नव्हे. लगेच पुढं, देव सोन्याचा-दगडाचा नसतो, हेही सुनावतो. वंश एक आणि मत वेगळं, दोन्ही एका दमात! मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. आपल्याकडं भाऊबंदकी म्हणजेच भांडण.

'शेजारी म्हणा, भाऊ नको' याला तर मत्तय 12:50 पुरे. जो पित्याच्या इच्छेप्रमाणे वागतो तोच माझा भाऊ, बहीण, आई, असं येशू म्हणतो, तेही सख्खी माणसं बाहेर ताटकळत असताना.

परिषदेनं सगळे धर्म सारखे ठरवले, ही निव्वळ थाप. 28 ऑक्टोबर 1965 चं 'नोस्त्रा एताते', म्हणजे इतर धर्मांविषयीचं परिषदेचं निवेदन, मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलं दिसत नाही. ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन, हे त्यात स्पष्ट आहे. आणि शेवटच्या भागात हेही, की कुणाही माणसाशी भावासारखं वागायला आपण नकार दिला, तर सर्वांचा पिता म्हणून देवाला हाक मारता येत नाही. 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना मला हे वाक्य हल्ली टोचतं.

राहिल्या सात बहिणी. शिरगावची लइराई देवी आणि म्हापशाची मिराबाय, म्हणजे आपली मिलाग्रीस, सख्ख्या बहिणी, ही लोककथा आहे. चर्चची शिकवण नव्हे. तसं कुणी सांगतही नाही. इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, 1736 मध्ये फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली, अंगणातल्या तुळशीवरसुद्धा. इतकं होऊनही लोकांनी बहिणींचं नातं तोडलं नाही. मला यात सैतान दिसत नाही. धर्म बदलल्यावर घरं दुभंगली, त्याची आठवण दिसते.

मागच्या फेस्ताला रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी होती. नऊवारी, अंबाड्यावर मोगरा, हातात खोबरेल तेलाची बाटली. मी विचारलं, "काकी, दरवर्षी येता?"

"येणारच. लइराई आमची आई, मग ही मावशी नव्हे? तुझी कोण?"

"आई," मी म्हटलं.

तिनं मनातल्या मनात हिशेब केला असावा. सायबिणीपाशी पोचल्यावर बाटली माझ्या हातात दिली. "तू ओत गो. माझा हात पुरत नाही."