बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या

एका लेखात वाचलं, नवी मुंबईत सेक्टर सांगितला की माणसाची कमाई कळते. खरंय. पण हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. इथल्याच बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, आखलेली. सात घरांमध्ये एक अंगण, प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा यांच्या जागेत फार तफावत नाही. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं.

आणि आता? माझी आई नवी मुंबईतल्याच पाम बीच रोडच्या एका टॉवरमध्ये पोळ्या करायला जाते. तिला सर्व्हिस लिफ्टच वापरावी लागते, कचऱ्याच्या डब्यांसोबत. ही लिफ्ट बंद पडली की गुडघे दुखत असताना नऊ मजले जिन्याने. शेजारची रहिवाशांची लिफ्ट तेव्हा रिकामी उभी असते. फार संताप होतो.