केगमधली बिअर मध्येच चाखली तर बिघडते म्हणे!

“केगला गॅस जोडला की दोन आठवडे तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. मध्ये चाखलीत तर गॅस वाया जातो, हवा शिरून बिअर बिघडते, आणि अर्धवट गॅसच्या बिअरवरून कळत तर काहीच नाही.” इथे अमेरिकेत घरी बिअर करून केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, ती फसफसती व्हावी म्हणून गॅस मुरवायला लागलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. आपली मराठी मंडळीही तो पुढच्याला तितक्याच ठामपणे ऐकवतात. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: इथे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. तुमच्याकडे परवान्याशिवाय केलीत तर गुन्हा आहे, तेव्हा नुसतं वाचा.)

आधी गॅसचं बघू. घरगुती केग साधारण १९ लिटरचा असतो. फ्रिजमध्ये ३ अंश सेल्सिअसला ठेवून रेग्युलेटर (सिलिंडरवरची दाब ठरवणारी चावी) १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) लावला, की शेवटी एक लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड विरघळतो. अख्ख्या केगचे नव्वदेक ग्रॅम झाले, त्यातलाही जवळपास तिसरा हिस्सा आंबतानाच तयार होऊन बिअरमध्ये राहिलेला असतो. आता शंभर मिली चाखायला काढली. तिच्यात विरघळलेला आणि रिकाम्या जागेत नव्याने भरलेला, दोन्ही गॅस धरले तरी एक ग्रॅमही होत नाही. पाच पौंडी सिलिंडरमध्ये सव्वादोन किलो असतो! शिवाय काढलेल्या जागेचा दाब रेग्युलेटर लगेच भरून काढतो. बिअरमध्ये शेवटी किती गॅस मुरणार हे तापमान आणि दाब यांवर ठरतं. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमात केगमध्ये किती बिअर उरली याला जागाच नाही. खरा तोटा एकच: रोज चाखत बसलात तर पाहुणे येईपर्यंत बिअर कमी उरेल.

हवा शिरण्याची भीती कुठून येते ते मला समजतं. लोणच्याच्या बरणीत सारखा चमचा घालू नये, हे आपल्या अंगातच मुरलंय. पण केगचं झाकण चाखताना उघडतच नाही. बिअर तळापर्यंत गेलेल्या नळीतून, आतल्या दाबाने बाहेर ढकलली जाते, आणि तिची जागा सिलिंडरमधला गॅस घेतो. बाहेरची हवा आत शिरायला वाटच नाही. हां, झाकण काढून वाटी बुडवणारे महाभाग आहेत. त्यांच्यापुरता सल्ला शंभर टक्के खरा, विशेषतः हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर घातलेल्या बिअरला. ती ऑक्सिजनने काळपट पडते आणि हॉप्सचा वास मरतो.

“कळत काहीच नाही” हा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. पहिला घोट खरंच फसवा असतो. नळी तळाशी असल्यामुळे पहिल्या धारेबरोबर खाली बसलेलं यीस्ट येतं: गढूळ, कडसर, पिठूळ. ते सिंकमध्ये ओता. दुसरं म्हणजे गॅस वरून विरघळत खाली उतरतो आणि आपण काढतो तळातली बिअर, म्हणजे पेल्यातली बिअर वरच्या थरापेक्षा मागेच असते.

आणि तिसरी, सगळ्यात जास्त लोकांना चकवणारी गोष्ट म्हणजे फेस. घाईने ३० पीएसआय दाब लावलाय, तोटीला वीतभर नळी आहे, आणि पेला काठोकाठ फेसाने भरला. लगेच निष्कर्ष: “गॅस जास्त झाला!” तो फेस बसू द्या आणि खाली उरलेले दोन बोटं प्या. सपक लागेल. दाबाने आलेल्या धारेत होता नव्हता तो गॅस तोटीपाशीच सुटला, जिभेपर्यंत काही पोचलाच नाही. म्हणून चाखण्याआधी गॅस बंद करा, केगच्या वरची कडी ओढून दाब पाचेक पीएसआयवर आणा, मग हळू ओता. थोडा गॅस जातो, जाऊ दे.

असं चाखलं की बरंच कळतं. विरघळलेल्या गॅसचं आम्ल बनतं, जीभ ते आंबटासारखंच ओळखते. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरच्या एका एन्झाइममुळे हे होतं, असं २००९ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. त्यामुळे गॅस चढत जातो तसा बिअरचा गोडवा आणि जडपणा मागे हटतो. स्टाउट (काळी, दाट बिअर) असेल तर मध्येच कुठेतरी, लिटरमागे अडीच लिटर गॅसच्या बरंच अलीकडे, ती सुरेख लागते आणि तिथेच दाब कमी करून थांबावंसं वाटतं. दोन आठवडे डोळे मिटून बसणाऱ्याला हे कळणार कसं? त्याहून महत्त्वाचं, लोण्यासारखा वास येत असेल तर तो पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पकडता येतो. यीस्ट अजून सगळं खाली बसलेलं नसतं. केग चार दिवस बाहेर उबेला ठेवला तर ते हा वास बहुतेक वेळा खाऊन टाकतं. पंधरा दिवस गारठ्यात काढल्यावर ही सोय फारशी उरत नाही.

“दोन आठवडे” हा आकडाही १२ पीएसआयपुरताच ठीक आहे. ३० पीएसआय लावून तेवढे दिवस विसरलात, तर लिटरमागे चार लिटरच्या वर गॅस चढेल आणि तोटीतून फक्त फेस येईल. तो उतरवायचा म्हणजे सिलिंडर काढून दिवसभरात पुन्हा पुन्हा कडी ओढत बसा, आणि प्रत्येक वेळी गॅसबरोबर हॉप्सचा वासही घालवा. न चाखल्यामुळे बिअर बिघडते ती अशी. ३० वर लावणाऱ्याने चोवीस तासांनी चाखलीच पाहिजे.

केगमध्ये साखर घालून नैसर्गिक गॅस तयार करणाऱ्यांना मात्र मी चाखू नका म्हणेन. तिथे मागे सिलिंडर नसतो, साखर मोजूनमापून घातलेली असते, आणि दाब पडला तर काही केगची झाकणं नीट बसून राहत नाहीत. ते दोन-तीन आठवडे खोलीच्या उबेत काढायचे आणि मग थंड करून पहिला पेला भरायचा.