खुडूक कोंबडीला बुडवू नका, उपाशी तर मुळीच ठेवू नका

गणपती गेले की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. त्यातली एक नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला राहणारी, तळमजल्याच्या अंगणात चार कोंबड्या पाळणारी मैत्रीण. तिने खाली विचारलं होतं, "गं, आज संध्याकाळी करू का हे?" म्हणून लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा आहे: कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायलाच बसून राहिली, की तीनदा थंड पाण्यात बुडवा, नाकात पीस घाला, डालग्याखाली (टोपलीखाली) अंधारात तीन दिवस उपाशी कोंडा, चौथ्या दिवशी अंडं देईल. पिसं झडत असली तर तो रोग आहे, बर्ड फ्लूसुद्धा असेल, पाण्यातून अँटिबायोटिक सुरू करा. आणि दीड वर्षाच्या कोंबडीची पिसं झडली म्हणजे तिची अंडी संपली, कापून टाका.

मी तिथल्याच दिवाळे गावात राहते. लग्न होऊन आले त्याला २२ वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या पडवीत कोंबड्या नाहीत असा दिवस गेलेला नाही. आज सात आहेत.

पाण्यात बुडवण्याचं मी स्वतः केलंय, म्हणून तेच आधी. ऐन आषाढात आमची तांबडी खुडूक बसली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिला बादलीत पोटापर्यंत धरलं, तेही तीन वेळा. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. तिची पोटाखालची पिसं संध्याकाळपर्यंत चिंबच होती. दुसऱ्या दिवशी ती मान आत ओढून कोपऱ्यात उभी राहिली, श्वासाला घरघर लागली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. ते माझ्या हातून झालं आणि मी ते विसरलेली नाही.

या उपायामागचा विचार मात्र अगदीच खोटा नाही, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला. खुडूक कोंबडीचं पोट गरम असतं. छातीखालची पिसं ती स्वतः उपटते, म्हणजे उघडी कातडी थेट अंड्यांना लागते. रात्री हात घालून बघा, चहाचा कप धरल्यासारखी ऊब लागते. ते पोट गार राहिलं की खुडूकपणा उतरायला मदत होते, हे खरं. पण त्यासाठी पाणी कशाला? खालून वारा लागला तरी पुरतं. आम्ही मासळीची दोन प्लास्टिक क्रेट घेतो, तळाला भोकं असलेली. एक सुलटं चार विटांवर ठेवायचं, त्यात कोंबडी, दुसरं त्याच्यावर पालथं घालून बांधायचं. आत पेंढा नाही, गोणपाट नाही. दाणा आणि पाणी मात्र पूर्ण वेळ. उजेडात, इतर कोंबड्या दिसतील अशा जागी. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या भानावर येतात. सोडल्यावर ती पुन्हा खुराड्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. खुडूक झाल्याचं पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ओळखलंत तर लवकर उतरतं, आठवडा गेला असेल तर वेळ लागतो.

आता अंधारात कोंडण्याचं. मेसेजमधला हा सगळ्यात उलटा सल्ला. कोंबडी खुडूक होते ती प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे. ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि उबवण्याची ओढ लागते. पोटाला अंड्यांचा स्पर्श, आडोसा, अंधार, शांतता, यांनी ती ओढ टिकते. म्हणजे डालग्याखाली कोंडून आपण तिला हवं तेच हातात देतो! मग चौथ्या दिवशी ती उतरली नाही की लोक म्हणतात, हट्टी आहे.

आणि उपाशी? खुडूक कोंबडी आधीच उपाशी असते हो. दिवसातून एकदा, फार तर दोनदा ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, एक भलीमोठी घाण वासाची शीट टाकते आणि परत जाऊन बसते. २१ दिवस पिल्लं निघेपर्यंत ती अशीच राहते आणि हाताला लागेल इतकी हलकी होते. तिचं उरलंसुरलं तोडायचं, तेही मुंबईच्या दमट उकाड्यात, पाण्याविना? उपाशी ठेवण्याची पद्धत मोठ्या पोल्ट्रीतही होती. तिथे जुन्या कोंबड्यांचं खाणं तोडून त्यांना एकदम पिसं झडायला लावत, म्हणजे नंतर पुन्हा एकदम अंडी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११मध्ये पोल्ट्रीवाल्यांना हे बंद करायला सांगितलं. ताब्यातल्या जनावराला पुरेसं खाणं-पाणी न देणं हा १९६०च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. कारखान्यात जे नको म्हटलं, ते अंगणातल्या चार कोंबड्यांवर करू नका.

नाकात पीस घालण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आमच्या सासूबाईंच्या आईच्या वेळेला करत असत. जखम होते, पावसाळ्यात त्यावर माशी बसते, अळ्या पडतात. करू नका.

शेजारी कोंबडा असेल, फळणारी अंडी मिळत असतील आणि जागा असेल, तर तिला बसू द्या की! दहा-बारा ताजी अंडी, आठवड्याच्या आतली, खूण करून ठेवा, म्हणजे दुसरीने घुसून घातलेलं अंडं ओळखता येतं. गावठी कोंबडीचं चक्रच ते: बारा-पंधरा अंडी घालायची आणि बसायचं. व्हाइट लेगहॉर्नमधून माणसाने निवडून निवडून ही ओढ काढून टाकली. गावठीत ती शिल्लक आहे, म्हणून तर मशीनशिवाय पिल्लं निघतात. फक्त बसलेल्या कोंबडीच्या खुराड्यातल्या लाकडी फटी रात्री बॅटरीने बघत जा. दिवसा फटीत लपणारे लाल किडे रात्री तिचं रक्त पितात, आणि ती जागा सोडून पळत नाही.

आता पिसं. मेसेज म्हणतो रोग. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. दिवस आखडायला लागला हे कोंबडीच्या शरीराला कळतं आणि जुनी पिसं टाकून नवी घालण्याचं काम सुरू होतं. म्हणून तर हा मेसेज दरवर्षी गणपतीनंतरच फिरतो. पिसं आधी डोक्या-मानेची जातात, मग छाती, अंग, पंख, शेवटी शेपूट. आठ ते बारा आठवडे जातात.

रोग आहे की नाही हे हातात घेऊन पाच मिनिटांत कळतं. माझी काबरी परवा मांडीवर घेतली होती. मानेवरची पिसं फुंकरीने बाजूला केली तर कातडीतून निळसर सुया वर आलेल्या, प्रत्येक सुईला मेणासारखं पातळ वेष्टण, टोकाशी वेष्टण फुटून पिसाचा बारीक झुपका बाहेर. सुया दिसल्या म्हणजे नवी पिसं येताहेत, काळजी नाही. त्यांत रक्त खेळत असतं, दाबलं तर दुखतं, म्हणून या दिवसांत उगाच उचलू नका. सुया नाहीत, पिसं मध्येच तुटलेली आहेत, तर दुसरी कोंबडी टोचतेय किंवा कोंबड्याच्या नखांनी पाठ सोललीय. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गाठी चिकटल्या असतील तर उवा.

बर्ड फ्लूची भीती खोटी नाही. २००६मध्ये नवापूरला तो आला, २०२२च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीला आला होता. पण तो पिसं झडवत नाही. तुरा काळानिळा पडतो, तोंड सुजतं, कोंबड्या पटापट मरतात. असं दिसलं तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आणि झडत्या पिसांना अँटिबायोटिकचा काहीएक उपयोग नाही, उलट औषध अंड्यात उतरतं आणि ते अंडं आपण पोरांना देतो. कोलिस्टिन हे औषध केंद्र सरकारने २०१९मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंदच केलं, कारण माणसांवर दुसरं काही चालेनासं झालं की डॉक्टर तेच काढतात.

तिला हवं असतं खाणं. पीस म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनंच. नुसते तांदूळ टाकून ती भरून निघत नाहीत. आम्ही उन्हात वाळवलेला जवळा मूठभर देतो, मीठ लावलेली सुकी मासळी नाही. उकडलेलं अंडं कुस्करून देतो. शेंगदाण्याची पेंड चालते, पण पावसात बुरशी आलेली अजिबात नको. चुलीची राख आणि कोरडी माती एका घमेल्यात ठेवली की ती स्वतःच लोळून अंग साफ करते.

राहिलं 'अंडी संपली, कापा'. कोंबडीच्या अंडाशयात हजारो बीजं असतात, दीड वर्षात ती संपत नाहीत. पिसांचं काम चालू असताना अंडी थांबतात, कारण सगळी प्रथिनं तिकडे जातात आणि अंडी घडवणारी आतली नळीही या काळात आकसून पुन्हा नवी होते. वयाप्रमाणे अंडी कमी होतात, हे खरं. पण विसाव्यानंतरचं अंडं मोठं असतं, कवचही आधीपेक्षा चांगलं.

काबरी सहा वर्षांची आहे. मागच्या वर्षी दहा आठवडे तिने एक अंडं दिलं नाही. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी पेंढ्यात हात घातला तर गरम अंडं लागलं. त्या दिवशी घरात कुणी खाणार नव्हतं, म्हणून मडक्यात तांदळावर ठेवलं आणि शुक्रवारी सासूबाईंना भुर्जी करून दिली.