हजेरीपटावर शिकवणाऱ्याचेही नाव

माझा पुतण्या बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील आमच्या गावी राहतो. त्याने डी.एड. केले, नंतर बाहेरून बी.ए. केले, शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव नोंदवून तो वाट पाहत बसला. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तेव्हा पदवीधर म्हणून दरमहा १० हजार रुपये विद्यावेतनावर तो एका कार्यालयात लागला. आधीचे सहा महिने आणि नंतर वाढवून मिळालेले पाच, असे अकरा महिने भरले आणि तो घरी आला. काय शिकलास असे मी फोनवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, झेरॉक्स काढल्या, टपाल नेलं, आवक-जावक रजिस्टर लिहिलं." त्याच गावात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची वस्ती आहे आणि तेथील चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक बायकांना स्वतःचे नाव वाचता येत नाही. शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला मुलगा आणि शिकण्याची गरज असलेली माणसे एकाच गावात राहतात, सरकार त्या मुलाला अकरा महिने पैसेही देते, आणि तरी त्यांची गाठ पडत नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

गावाकडे या योजनेवरून दोन तट पडलेले मला दिसतात. प्रशिक्षणार्थी म्हणतात, आम्हाला कायम करा. करदाते आणि कित्येक जुनी जाणती मंडळी म्हणतात, काम नसताना पैसे वाटणे बंद करा. लाडकी बहीण योजनेवरही याच दोन टोकांनी वाद होतो. पैसे द्यावेत की नाही यावर सगळा जोर खर्च होतो आणि त्या पैशाच्या मोबदल्यात गावाला कोणते काम करून घेता आले असते, हा प्रश्न बाजूला राहतो. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि निरक्षरांना शिकवणे हेही मजुरीचे काम धरावे, असे माझे त्यावर म्हणणे आहे.

मी गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ राहतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात गणिताला मदत करायला जातो. शाळा अर्धवट सुटलेल्यांना येथे जीईडी नावाची समकक्ष परीक्षा देता येते आणि त्यासाठी हा वर्ग आहे. गेल्या हिवाळ्यात मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना बंद पडून घरी बसलेले एक गृहस्थ येऊ लागले. वय पंचावन्नच्या पुढे. तीन अष्टमांश मोठे की पाच षोडशांश, हे कागदावर विचारले की ते मान खाली घालत. आमच्या शिक्षिकेने पिशवीतून मोजपट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अंगठ्याचे नख थेट तीन अष्टमांशाच्या रेघेवर टेकवले, मग पाच षोडशांशाच्या, आणि दोन नखांमधली ती एक बारीक रेघ बराच वेळ पाहत राहिले. तीस वर्षे हाताला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वहीत लिहिली. मी तेथे हौसेने जातो, पण ती मोजपट्टी काढण्याची हातोटी शिक्षिकेची होती आणि त्या शिक्षिकेला तासाप्रमाणे पगार मिळतो. मी एखाद्या आठवड्यात गेलो नाही तरी वर्ग भरतो. त्या आल्या नाहीत तर भरत नाही.

अशा वर्गांची पाळेमुळे शोधू लागल्यावर मला १९३३ साल सापडले. त्या वर्षी अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक जण बेकार होता. फेब्रुवारीत मिशिगनच्या राज्यपालांनी राज्यातील सगळ्या बँकांना टाळे लावले होते. शिकागोसारख्या शहरात शिक्षकांना महिनोन्महिने पगार मिळाला नव्हता आणि मिळे तेव्हा रोख पैशाऐवजी अनेकदा हमीपत्राचे कागद मिळत. रूझवेल्ट सरकारने संकटनिवारणाचे काम हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे सोपवले. रस्ते, पूल, गटारे ही कामे तर निघालीच, पण त्याच वर्षी त्यांच्या यंत्रणेने असेही ठरवले की बेकार शिक्षकाला फावडे हातात देण्याचे कारण नाही, त्याला शिकवण्याचेच काम द्यावे आणि ते काम मदतकार्य म्हणून धरावे. निरक्षरांचे वर्ग, धंदेशिक्षणाचे वर्ग, कामगारांसाठी अर्थव्यवहार समजावणारे वर्ग, गरीब घरच्या लहान मुलांसाठी बालवाड्या, अशी ही कामे होती. १९३५ मध्ये वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन ही मोठी रोजगार यंत्रणा आली आणि हे वर्ग तिच्याकडे गेले. १९४३ मध्ये ती बंद होईपर्यंत तिच्या सगळ्या कामांवर मिळून सुमारे ८५ लाख माणसांनी काम केले. रस्त्यांवर राबणाऱ्यांच्या मानाने शिक्षकांची संख्या लहान होती, पण त्यांच्यापुढे बसलेले प्रौढ लाखांनी मोजावे लागतात. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात मोठे काम केलेल्या एला बेकर आणि पॉली मरी या दोघी तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये याच यंत्रणेच्या कामगार शिक्षण प्रकल्पात पगारावर शिकवत होत्या.

हे सगळे वाचताना मला आजीची आठवण आली. १९७२ च्या दुष्काळात ती आमच्या गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर जात असे. महाराष्ट्रात त्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, जवळपास ५० लाख माणसे अशा कामांवर होती. मदतीत मिळालेली लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडताना डोळ्यात उडालेली कच, हे सगळे आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षे बोलले जाई. आजीला अंक येत नव्हते, म्हणून ती सुतळीच्या एका तुकड्याला रोज एक गाठ मारी. एका पगाराला तिच्या सुतळीला बारा गाठी होत्या आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नऊ दिवस होते. तिने सुतळी पुढे केली, तेव्हा मस्टर लिहिणाऱ्याने तिला कागद दाखवला आणि वाच म्हणून सांगितले. तिने अंगठा दिला आणि नऊ दिवसांचे पैसे घेऊन ती घरी आली. त्या कामाने तिला जगवले, हे ती शेवटपर्यंत सांगत असे. पण जगवणाऱ्या कामावरही, वाचता न आल्याने, तिचे तीन दिवस गेले होते.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची मूळ कल्पना त्याआधीची होती. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ मध्ये तो अमलात आला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला त्याचा आधार मिळाला. मागेल त्याला काम देण्याचा कायदा आपल्या राज्याने देशात सर्वांत आधी केला, याचा मला परदेशात राहताना अधिकच अभिमान वाटतो, कारण अमेरिकेने असा हक्क आपल्या नागरिकांना कधीच दिला नाही. तेथे काम मिळे ते सरकारच्या मर्जीने, आणि १९३९ मध्ये तर अठरा महिने सलग काम केलेल्यांना कमी करावे असा नियम केला गेला. आपल्याकडे हक्क आला, पण काम म्हणजे माती आणि दगड ही समजूत मात्र तशीच राहिली. बंधारा, विहीर, रस्ता, रोपवन, शेततळे ही सगळी आवश्यक कामे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा सरकारने जाहीर केलेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये त्या जमिनी पुन्हा उभ्या करण्याचा मोठा भार रोजगार हमीवरच टाकावा लागला. मी त्यातले एकही काम कमी करा असे म्हणत नाही.

परंतु २००५ च्या त्याच केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात एक तरतूद केली गेली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे मूल सांभाळणे हे काम आहे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले. हजेरी ठेवणाऱ्या मेटलाही मोबदला मिळतो. मग त्याच साठ-सत्तर मजुरांना तो हजेरीपट वाचायला शिकवणारा माणूस मस्टरवर का नसावा, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

शिकवणाऱ्याला आपण काय दिले, याचा हिशेब मांडला तर मन खिन्न होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्ग चालवणाऱ्याला दरमहा ५० रुपये मानधन होते. आमच्या गावात मॅट्रिक होऊन बसलेला एक तरुण मारुतीच्या पारावर कंदील लावून असा वर्ग चालवी आणि आजी सही करायला तेथेच शिकली. २००९ च्या साक्षर भारत योजनेत गावच्या लोकशिक्षण केंद्रातील प्रेरकाला २,००० रुपये होते आणि तीही योजना २०१८ मध्ये संपली. २०२२ मध्ये आलेला आणि पुढे उल्लास नावाने ओळखला जाऊ लागलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम तर स्वयंसेवेवरच उभा आहे. निरक्षरांचे सर्वेक्षण शाळेच्या शिक्षकांवर टाकले, तेव्हा २०२३ मध्ये त्यांच्या संघटनांनी बहिष्कार घातला. मला त्या शिक्षकांचा राग येत नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार आणि वर आणखी हे, असे किती त्यांनी वाहायचे? पण त्याच गावात डी.एड. झालेला मुलगा बेकार बसलेला असताना हे ओझे शिक्षकाच्या पाठीवर टाकणे आणि बेकाराला आवक-जावक रजिस्टर देणे, ही वाटणी मला उलटी वाटते.

स्वयंसेवेची बाजू घेणारे केरळमधील एर्नाकुलमचे उदाहरण देतात आणि ते उदाहरण खरे आहे. १९९० मध्ये तो जिल्हा पूर्ण साक्षर झाला, तो हजारो बिनपगारी कार्यकर्त्यांच्या बळावर. पण तेथे गावोगावी वाचनालये होती आणि विज्ञान चळवळीची वर्षानुवर्षांची बांधणी होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या घरात होती आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे त्या सरासरीच्या खाली होते, जालना तर ७१ टक्क्यांच्या आसपास. ज्या घरात बियाण्याचे कर्ज डोक्यावर आहे, त्या घरातील मुलाकडून रोज संध्याकाळचे दोन तास फुकट मागणे मला न्यायाचे वाटत नाही, आणि मागितले तरी ते दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंधारा मोजता येतो, शिकवलेले कसे मोजणार? खोटे वर्ग कागदावर भरतील, सरपंचाच्या घरचीच नावे लागतील. ही भीती निराधार नाही, माझ्या आजीच्या तीन दिवसांची हकिगत मी वर सांगितलीच आहे. अमेरिकेतही शिक्षकांची नेमणूक त्यांची आर्थिक गरज पाहून झाल्यामुळे काही वर्ग कच्चे चालले, दक्षिणेत कृष्णवर्णीयांना कमी लेखले गेले, आणि युद्धामुळे कारखान्यांत काम निघताच १९४३ मध्ये सगळे गुंडाळले गेले. आजही येथील प्रौढ शिक्षणाचा निधी सुरक्षित नाही, २०२५ च्या जुलैत तो वॉशिंग्टनमधून काही आठवडे रोखून धरला गेला होता. तरीही मोजण्याचे साधन आपल्याकडे तयार आहे. उल्लासची १५० गुणांची वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची चाचणी होतेच. निम्मी मजुरी हजेरीवर आणि निम्मी त्या चाचणीनंतर, असे ठरवता येईल. वर्गात बसणाऱ्या बायकांनाच दर शनिवारी शिकवणाऱ्याच्या हजेरीवर सह्या करू द्याव्यात, म्हणजे ज्या दिवशी त्यांना सही येईल त्या दिवसापासून मस्टरवर त्यांचीच नजर राहील.

सुरुवात बीडपासून करावी असे मला वाटते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोंच्या जोड्या (त्यांना कोयता म्हणतात) साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परततात आणि मुकादमाकडून पुढची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघेपर्यंत चार-सहा महिने घरी असतात. त्या काळात पाऊस नसेल तर काम नसते आणि पाऊस असेल तरी संध्याकाळ मोकळी असते. शिकवायचे ते उचलीचा हिशेब, टनाचा दर, वजनकाट्याची पावती, बँकेचे पासबुक. मुकादमाच्या डायरीत आपल्या नावापुढे किती बाकी लिहिली आहे हे वाचता येणे, याची गोडी त्या बायकांना वेगळी लावावी लागणार नाही. आणि शिकवणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे की हे काम पाच महिन्यांचे आहे, त्यातून कायम नोकरी मिळणार नाही, मात्र अनुभवाचा दाखला मिळेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागता येईल. प्रशिक्षण योजनेत ही स्पष्टता उरली नाही, म्हणून मुले आंदोलनाला रस्त्यावर उतरली.

हे मी पुतण्याला गेल्या मे महिन्यात बोललो होतो. त्याने माझ्याशी वाद घातला नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने वस्तीवरच्या अंगणवाडीची किल्ली मागून घेतली आणि रात्री आठ ते साडेनऊ असा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी सात बायका आल्या, आठवड्याने एकोणीस. त्याने मला पाटीचा फोटो पाठवला होता, त्यावर कोणीतरी थरथरत्या हाताने ४७,००० असा आकडा लिहिला होता, कारण तिच्या जोडीवर मुकादमाची तेवढी बाकी होती आणि तिला पहिल्यांदा तोच आकडा लिहायचा होता. वर्ग पाच आठवडे चालला. मग चाकणच्या एका कंत्राटदाराचा निरोप आला, बारा तासांची पाळी, महिना पंधरा हजार. जाऊ का, असे त्याने मला विचारले आणि मी जा म्हणालो. अंगणवाडीची किल्ली त्याने वहिनींकडे दिली आहे, आणि त्या बायका अधूनमधून घरी येऊन वर्ग पुन्हा कधी भरणार असे विचारतात.