‘रात्रपाळीची सवय होते’ म्हणणाऱ्यांना

‘खरी सिस्टर कधी थकत नाही’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. माझी धाकटी बहीण स्टाफ नर्स आहे. सलग नाइट करून घरी आली, तर वॉर्डच्या ग्रुपवर हाच येऊन पडलेला. तिला तिथे उत्तर देता येत नाही, म्हणून मी देतेय. मेसेजचं म्हणणं असं: रात्रपाळीची शरीराला सवय होते, चार-पाच तास झोप पुरते, अनुभवी हात चुकत नाही, बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार पिचून जाणं, हा आजारच नाही, नवं खूळ आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर रात्ररात्र दिवा घेऊन फिरायच्या.

आधी सवयीचं, कारण सगळ्यात घातक तेच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली ४८ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना दोन आठवडे रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं आणि शेवटी एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकं खाली आलं. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं, थोडी झोप येतेय, बाकी ठीक आहे. ‘सवय झाली’ म्हणतात ती ही! आणि ही माणसं निदान रात्री झोपत होती. नर्सची ड्युटी सारखी बदलते, दिवसा उजेडात आणि कुकरच्या शिट्ट्यांत झोपायचं, शरीराचं घड्याळ लागणार कधी?

आता वॉर्डात या. नाइट संपत आलेली असते, डोळे चुरचुरत असतात, तेव्हाच नाश्त्याआधीचं इन्सुलिन भरायचं असतं. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात, ग्लार्जिन या जास्त वेळ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या बाटलीत १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरलं, की डोस अडीचपट. पेशंटची साखर धाडकन उतरते, जीवावर बेतू शकतं. हे प्रत्येक सिस्टरला पाठ असतं. त्या क्षणी लागतं ते लक्ष, आणि तेच झोपेविना जातं. अनुभवाचा मुद्दा इथेच संपला. तरी हवं असेल तर, अमेरिकेतल्याच ३९३ नर्सेसच्या नोंदींचा २००४ चा अभ्यास आहे: ड्युटी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चुकीची शक्यता तिप्पट.

बर्नआउट आजार नाही? बरं, एवढं खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली, ती आजार म्हणून नाही. पण त्याच नोंदीत ते कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येतं आणि त्याने कामगिरी घटते, असंही आहे. ते का नाही फॉरवर्ड केलं?

आणि नाइटिंगेल! क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली परतल्यावर त्या वर्षानुवर्षं आजारी होत्या, पुष्कळ काळ अंथरुणाला खिळून. सैनिक का मेले, याचं उत्तर त्यांनी परिचारिकांच्या त्यागात शोधलं नाही. आकडे मांडले, घाण आणि गर्दीवर बोट ठेवलं, सरकारकडून सुधारणा करून घेतल्या. त्यांचं नाव घ्यायचंच असेल तर हिशोबही तसाच मागा: वॉर्डात एका नर्समागे पेशंट किती, महिन्यात डबल ड्युट्या किती लावल्या, आणि नाइटनंतरचे ऑफ ‘स्टाफ नाही’ म्हणून किती कापले.